नापास पोराचा हिशेब

दहावी-बारावीत अडकलेला, शेतीत मन न रमणारा आणि तरीही ‘मी माझं स्वतःचं काहीतरी उभं करून दाखवतो’ असे छातीठोकपणे सांगणारा मुलगा शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बहुतेक वाड्यावस्त्यांवर सापडतो. कुणाला वेल्डिंगचे दुकान टाकायचे असते, कुणाला पोल्ट्रीची शेड, कुणाला शेडनेटमधली ढोबळी मिरची, तर कुणाला मोटारी भरण्याचे, म्हणजे जळालेल्या मोटारींना तार गुंडाळण्याचे वर्कशॉप. घरात त्याचे बोलणे ऐकून घेतात, पण मनावर कोणी घेत नाही. वडील ‘आधी घरचं बघ’ म्हणतात, चुलते हसतात, आणि पाहुण्यांत त्याचा विषय निघाला की ‘त्याचं काय, चाललंय आपलं’ एवढ्यावर बोळवण होते.

या अविश्वासाला जुन्या वळणाची माणसे किंवा खेडवळ बुद्धी असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण बापाच्या शंकेमागे बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. कृषिगणनेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात 1970-71 साली एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 साली ती 1.34 हेक्टरवर आली. साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले, आणि त्यातही पुढे भावांच्या वाटण्या व्हायच्याच आहेत. मोठ्या खातेदाराच्या मुलाने एखादा धंदा बुडवला तर घर हलते, पण उभे राहते. सव्वातीन एकरवाल्याच्या मुलाने बुडवला तर बहिणीचे लग्न लांबते आणि सोसायटीचे कर्ज थकते. मुलाला आपले स्वप्न दिसत असते, तर बापाला सातबाऱ्यावर चढणारा बोजा.

हा हिशेब सगळीकडे सारखा नाही. दौंड तालुक्याच्या मोठ्या भागाला खडकवासल्याच्या कालव्याचे आणि भीमेचे, मुळा-मुठेचे पाणी मिळते. तिथे ऊस आहे, पाटसचा भीमा साखर कारखाना आहे, केडगाव-राहू पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. शिरूरमध्येही घोड आणि भीमेच्या काठची, तसेच चासकमानच्या कालव्याखालची गावे बागायती आहेत. अशा घरातला बाप म्हणतो, ‘ऊस जातोय कारखान्याला, पैसे येतायत, कशाला नसती उठाठेव?’ पण त्याच शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा पर्जन्यछायेतला पट्टा आहे. तिथले राजकारणही वर्षानुवर्षे पाण्याच्या मागणीभोवती फिरत आले आहे. इथला बाप म्हणतो, ‘विहिरीला पाणी नाही, आणि तू कुठलं भांडवल घालणार?’ एका ठिकाणी आहे ते गमावण्याची भीती, दुसऱ्या ठिकाणी गमवायलाच काही नसल्याची. मुलाला ऐकावा लागणारा नकार मात्र एकच.

घरच्यांना पटतील असे रस्ते दोन्ही तालुक्यांत ठरलेले आहेत. पहिला भरतीचा. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक 5 आणि 7 असे दोन गट आहेत. त्यामुळे खाकी वर्दी तिथल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असते. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात: 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. राखीव बलासाठी धावण्याचे अंतर 5 किलोमीटर होते. म्हणून पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे कुठल्याही गावात दिसतात, आणि त्यांच्या घरी त्यांना कोणी स्वप्नाळू म्हणत नाही. वास्तविक हजारो अर्जांतून काहीशे जागांत बसण्याची आशा ही वेल्डिंगच्या दुकानापेक्षा कितीतरी मोठी जोखीम आहे. पण त्या जोखमीत जमीन गहाण पडत नाही. जातात ती वयाची वर्षे, आणि वर्षांचा हिशेब घरात कोणी मांडत नाही.

दुसरा रस्ता स्पर्धा परीक्षांचा. तो पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांकडे जातो. तिसरा कंपनीचा. शिरूरला रांजणगाव आणि दौंडला कुरकुंभ अशा दोन औद्योगिक वसाहती आहेत. पहिलीत वाहनांचे भाग, घरगुती उपकरणे असे कारखाने आहेत, दुसरीत मुख्यतः रसायने. पूर्वी ‘कंपनीत लागला’ म्हणजे पोरगा मार्गी लागला असा अर्थ होता. आता बहुतेक वेळा तो ठेकेदाराकडे लागलेला असतो, पण सोयरिकीच्या बाजारात ‘कंपनीत आहे’ हे वाक्य अजून चालते. लग्नाची ही बाजू हलकी समजू नये. मुलीकडच्यांना ‘शेती करतो’ आणि ‘धंदा टाकणार आहे’ ही दोन्ही उत्तरे नकोशी झाली आहेत, आणि मुलाच्या धडपडीवर आईबापांना येणारा राग पुष्कळदा त्या नकारांतून येतो.

या तिन्ही रस्त्यांत न बसणाऱ्या मुलासाठी शिरूर तालुक्यातच चाळीस वर्षांहून जास्त काळ एक प्रयोग चालू आहे. तो पाबळला आहे. पाबळ बाहेरच्यांना मस्तानीच्या समाधीमुळे आणि जैन मंदिरामुळे माहीत असते. गावाबाहेरच्या माळावर 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. कलबागांचा जन्म 1928 चा. मुंबईत शिक्षण, मग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच. डी., त्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम, आणि पुढे जवळपास वीस वर्षे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात. एवढी चढती कारकीर्द असलेल्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडली आणि तो दुष्काळी गावात शाळागळतीच्या मुलांना शिकवायला जाऊन राहिला, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय हिशेबातही वेडेपणात जमा होण्यासारखेच होते. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या नावाशी जोडलेल्या पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचे एक केंद्र म्हणून हा आश्रम उभा राहिला.

कलबागांचा मुद्दा थोडक्यात असा: मूल चालायला, बोलायला, सायकल मारायला जसे करत-करत शिकते, तीच माणसाची शिकण्याची स्वाभाविक रीत आहे. शाळेने ती काढून घेतली आणि खडू-फळा दिला. तेव्हा जो मुलगा शाळेत नापास होतो तो ढ असतोच असे नाही, त्या रीतीत बसत नाही इतकेच. त्याच्या हातात खरे काम दिले तर त्याच कामातून त्याला गणित, विज्ञान आणि हिशेबही शिकवता येईल. शास्त्रज्ञाच्या सवयीप्रमाणे त्यांनी हे तत्त्व म्हणून न मांडता तपासून पाहायचे गृहीतक म्हणून मांडले, आणि तपासायला मुद्दाम कठीण जागा निवडली. पाऊस कमी, पैसा कमी, सोयी तुटपुंज्या. इथे जमले तर इतरत्रही जमेल, असा तो विचार.

विचार अगदी नवा नव्हता. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ प्रत्यक्षात आणून दाखवले होते, आणि ते स्वतः मॅट्रिक पास झालेले नव्हते. दौंड तालुक्यात तर याहून जुना दाखला आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी अनाथ झालेल्या मुली-बायांना आणून केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथे त्या विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापले. ज्यांच्याकडून घराने काडीची अपेक्षा ठेवली नव्हती, किंवा ज्यांना घरच उरले नव्हते, त्यांच्या हातून ते काम झाले. केडगाव आणि पाबळ या दोन प्रयोगांचा एकमेकांशी धागा असल्याचे कुठे दिसत नाही. ते एकाच पट्ट्यात झाले, इतकेच.

विज्ञान आश्रमाचा मुख्य अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि निवासी आहे. त्याचे नाव ग्रामीण तंत्रज्ञानातील मूलभूत पदविका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची त्याला मान्यता आहे. कामाचे चार विभाग आहेत: वर्कशॉप आणि बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. मुलगा एका विभागात काही महिने घालवून पुढच्यात जातो. आधीच एक विषय निवडून त्यात पक्का करण्यापेक्षा चारही ठिकाणी हात घालायला लावायचे, असा यामागचा विचार आहे. खेड्यात नुसत्या वायरमनचे किंवा नुसत्या सुताराचे पोट भरत नाही. पाइप जोडता येणारा, मोटार उघडता येणारा आणि शेडचा सांगाडा उभा करता येणारा माणूस मात्र वर्षभर कामात राहतो.

वर्कशॉपमधले एक साधे काम पाहिले तर ही पद्धत नीट कळते. काम आहे खिडकीच्या जाळीचे. मुलाने आधी कागदावर मापासह आकृती काढायची, कारण शेजारच्या माणसाला समोरून, वरून आणि बाजूने पाहिलेली वस्तू कागदावर दाखवता आली नाही तर ऑर्डर मिळत नाही. मग लोखंडाचे वजन काढायचे. गोल सळईचे वजन काढायची वर्कशॉपमधली जुनी युक्ती म्हणजे जाडीचा मिलिमीटरमधला आकडा वर्ग करून 162 ने भागायचा, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. 12 मिलिमीटरच्या सळईला 144 भागिले 162, म्हणजे 0.89 किलो. सहा मीटरची सळई सव्वापाच किलोच्या थोडी वर भरते. दहावीत वर्गसंख्या पाहून घाम फुटलेला मुलगा इथे तीच वर्गसंख्या काढतो, कारण ती चुकली तर दुकानदार जादा माल गळ्यात मारतो. पुढे तुकडे कापायचे, गुण्या लावून कोपरे धरायचे, आधी नुसते टाचे मारायचे, दोन्ही कर्ण मोजून सारखे आले की मगच पूर्ण वेल्ड ओढायचा, आणि थंड झाल्यावर वरची खपली हातोडीने पाडून आत पोकळ राहिले आहे का ते बघायचे.

यानंतरचा भाग वर्कशॉपपेक्षा वहीत जास्त होतो, आणि घरच्यांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. लोखंड, वेल्डिंगचे रॉड, कटिंग व्हील, वीज, रंग, मजुरी, वाया गेलेले तुकडे आणि मशीनची झीज अशी एकेक रक्कम लिहून जाळी कितीला पडली ते काढायचे. नवशिका शेवटच्या दोन गोष्टी हटकून विसरतो. गावोगावची दुकानेही तिथेच बसतात: गल्ल्यात रोज पैसे येत असतात, वाटते धंदा चालला आहे, आणि तीन वर्षांनी मशीन बदलायची वेळ आली की खिसा रिकामा निघतो. बापाला नेमकी याचीच भीती असते, फक्त त्याला ती झीज वगैरे शब्दांत मांडता येत नाही. तो ‘धंद्यात काही राहत नाही’ एवढेच म्हणतो.

आश्रमात शिकताना केलेले काम शक्यतो कुणाच्या तरी उपयोगाचे असावे, आणि गावकऱ्याने त्याचे पैसे मोजावेत, असा आग्रह सुरुवातीपासून आहे. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल कोणी तक्रार करत नाही, त्यामुळे ती बिघडली तरी शिकणाऱ्याला कळत नाही. पैसे मोजलेला माणूस दुसऱ्या दिवशी दारात येतो. शिकवणाऱ्यांनाही ही कसोटी लागू होते. पदवी असलेल्या पण हात न चालणाऱ्या मास्तरापेक्षा शिकवायचे तेच काम करून पोट भरणारा निदेशक कलबागांना जवळचा वाटे.

पाबळच्या प्रयोगातली सगळ्यात बोलकी गोष्ट पाण्याची आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे नसते. ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र खडकात सापडते. काळा पाषाण लागला की बहुधा कोरडे. म्हणून विहीर किंवा बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावण्याची पद्धत आहे. तो तळहातावर नारळ किंवा हातात दोन फाट्यांची काडी घेऊन शेतात फिरतो आणि जागा दाखवतो. आश्रमाने मुलांच्या हातात विद्युतरोध मोजणारे यंत्र दिले. जमिनीत एका ओळीत सारख्या अंतरावर चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधले विभवांतर मोजायचे. सळयांमधले अंतर वाढवत नेले की मोजमाप अधिक खोलवरचे मिळत जाते. ओल धरलेला, भेगाळलेला थर विजेला कमी अडवतो आणि घट्ट पाषाण जास्त. आकडे आलेखावर मांडले की कुठल्या खोलीवर काय असावे याचा अंदाज येतो.

यात वापरलेला नियम ओहमचा आहे, म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलाच. त्याच पुस्तकात नापास झालेला मुलगा यंत्र घेऊन बांधावर उभा राहतो आणि त्याच्या अंदाजावर एखादा शेतकरी बोअरचे हजारो रुपये लावायला तयार होतो, तेव्हा गावातली त्याची जागा बदलते. अर्थात यंत्र रोध मोजते, पाणी मोजत नाही. चिकणमातीचा थरही विजेला कमी अडवतो आणि तिथे पाणी हाती लागत नाही. त्यामुळे हे काम करणाऱ्याला कधी कधी खोटे पडावे लागते. फरक असा की पाणाड्याला चूक का झाली ते सांगता येत नाही, आणि यंत्रवाल्याला आपला आलेख पुन्हा उघडून बघता येतो. आश्रमातून बाहेर पडलेल्या काही मुलांनी पाण्याच्या सर्वेक्षणालाच पोटाचा धंदा केला.

पाबळला बनलेल्या बाकीच्या गोष्टींची यादी लांब आहे, आणि त्यातल्या सगळ्या चालल्या असे नाही. जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार झाला, त्याला नाव दिले मेकबुल. बैलजोडी परवडत नाही आणि मोठा ट्रॅक्टर तर नाहीच, अशा शेतकऱ्यासाठी तो होता. घुमटाकार घरांचा अनुभव जास्त मोलाचा ठरला. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराने लोकप्रिय केलेली त्रिकोणांची घुमटरचना घेऊन लोखंडी सांगाडा, वर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर अशी घरे इथे बांधली गेली. त्रिकोण दाबाखाली आकार बदलत नाही, म्हणून असे घर हलके असूनही मजबूत राहते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर त्या भागात हे ‘पाबळ डोम’ उभारले गेले. राहायला घुमट कोणाला फारसा आवडत नाही हेही खरे आहे. कपाट भिंतीला टेकत नाही आणि पुढे खोली वाढवता येत नाही. पण पाबळसारख्या गावातल्या मुलांनी जोडलेला सांगाडा भूकंपग्रस्तांच्या डोक्यावर छप्पर म्हणून उभा राहतो, हे त्या मुलांच्या घरच्यांनी पाहिले.

2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ ही कल्पना त्यांच्या विद्यापीठाबाहेर न्यायला सुरुवात केली. संगणकावर आकृती काढायची आणि लेझर कटर, छोटी मिलिंग मशीन यांच्यावर ती वस्तू तिथल्या तिथे बनवायची, अशी ही प्रयोगशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक पाबळला आली. पुण्यातली नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालये सोडून ती शिरूर तालुक्याच्या माळावर का आली, याचे उत्तर कलबागांच्या वीस वर्षांच्या कामात होते. तिथे बनवण्याची सवय असलेले हात आणि सोडवायला खरे प्रश्न, दोन्ही आधीपासून होते: डिझेल इंजिनची वेळ जुळवणे, दुधाची प्रत तपासणे. पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, कलबागांचे निधन झाले. त्यांच्यानंतर डॉ. योगेश कुलकर्णी यांनी आश्रमाची धुरा घेतली. हीच पद्धत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने माध्यमिक शाळांतही गेली आणि राज्याच्या शिक्षण मंडळाने तिला पूर्वव्यावसायिक विषयाचा दर्जा दिला. त्यामुळे आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस माती तपासण्यात, वायरिंगमध्ये, रक्तगट तपासणीत घालवू लागली.

प्रशिक्षण संपवून मुलगा घरी येतो तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. आश्रमात मशीन होते, जागा होती, ऑर्डर आणणारी माणसे होती. घरी गोठ्याशेजारची दहा बाय दहाची जागा असते. घरच्या अविश्वासाची भिंत अशा वेळी बहुतेकदा एकाच बाजूने फुटते, आणि ती बाजू बापाची नसते. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातही याचा मोठा दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 चा. वडिलांच्या मनाविरुद्ध ते 1885 साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, ते थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून. दोन वर्षांत कळले की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. घरच्यांना ‘आम्ही सांगत नव्हतो’ म्हणायला याहून चांगली संधी नव्हती. पण त्यांनी चित्रकला सोडून यांत्रिक आराखड्यांचा हात धरला, मुंबईत तंत्रशाळेत शिकवले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, आणि 1903 साली लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन बाधते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला जवळपास दोन वर्षे गेली. किर्लोस्करवाडी त्यानंतर, 1910 ची.

आजच्या शिरूर-दौंडच्या घरात रामूअण्णांची जागा बहुधा आई घेते. बचत गटातून उचललेले वीस-तीस हजार, भिशीचा नंबर, कधी अंगावरचा डाग. या पैशातून पहिले वेल्डिंग मशीन किंवा पहिली पिल्ले येतात. बापाला हे नंतर कळते, किंवा कळलेले असून तो न कळल्यासारखे करतो. हे भांडवल स्वस्त वाटते, पण त्याची एक कडक अट आहे. गटाचा हप्ता दर महिन्याला भरावाच लागतो, आणि तो चुकला तर आईची चारचौघींत मान खाली जाते. ज्या मुलाला बँकेच्या नोटिशीची फिकीर नसते तोही हा हप्ता चुकवत नाही.

पुढच्या टप्प्याला सरकारी योजना येतात. मुद्रा कर्जात 50 हजारांपर्यंतची ‘शिशु’, 5 लाखांपर्यंतची ‘किशोर’ आणि 10 लाखांपर्यंतची ‘तरुण’ अशा पायऱ्या आहेत, आणि तारण लागत नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटाच्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के आणि महिला व राखीव गटांना 35 टक्के अनुदान आहे. मात्र अनुदान हा या योजनांतला सापळाही आहे. साठ हजारांत सुरू होणारे दुकान अनुदानाच्या ओढीने सहा लाखांचे कागदावर येते, त्यासाठी लागणारी यंत्रे कोटेशनपुरती घेतली जातात, आणि हप्ता मात्र सहा लाखांचा बसतो. बापाची शंका खरी ठरते ती अशा ठिकाणी. आधी छोट्या कामावर वर्षभर टिकून, वहीत रोजची जमाखर्च नोंद ठेवून, मग कर्जाला जाणारा मुलगा बँकेतही वेगळा ओळखू येतो, कारण त्याला महिन्याला किती सुटतात ते विचारले तर तो आकडा सांगतो.

घरच्यांना पटायला नेमके काय लागते, याचे उत्तर मोठ्या यशात शोधले जाते, पण ते बरेच लहान असते. पहिल्या दिवाळीला मजुरांचे पैसे भागवून उरलेली रक्कम. सोसायटीच्या भरण्याला त्याने दिलेली मदत. गावातल्या दुसऱ्याच माणसाने बापाला पारावर विचारणे, की तुमचा पोरगा मोकळा कधी आहे, गेट करून घ्यायचा होता. मुलाने स्वतः सांगितलेल्या शंभर गोष्टींपेक्षा हा एक प्रश्न जास्त काम करतो. गावात माणसाची किंमत घरात ठरत नाही, पारावर ठरते आणि मग घरात येते.

मुलींच्या बाबतीत मात्र हे सूत्र तसेच्या तसे लागू पडत नाही. आश्रमात मुलीही शिकतात, वेल्डिंगही करतात आणि विजेचे कामही. पण मुलगी शिकून आली तरी दुकान माहेरी टाकायचे की सासरी, हा प्रश्न तिच्यापुढे उभा असतो, आणि बहुतेक घरे लग्नापर्यंत तो पुढे ढकलतात. मुलाला ‘हे तुला जमणार नाही’ असे ऐकावे लागते. मुलीला ‘जमेल, पण कशाला?’ असे. दुसऱ्या शंकेला कमाईचे आकडे पुरे पडत नाहीत, म्हणून ती जास्त चिवट आहे.

आणि ज्यांचे जमत नाही तेही पुष्कळ आहेत. कुणाच्या शेडमधली पिल्ले रोगाने जातात, कुणाचे गिऱ्हाईक उधारीवर बुडते, कुणाला नुसता कंटाळा येतो. यातले बरेचजण वर्षा-दोन वर्षांत रांजणगाव किंवा कुरकुंभच्या गेटवर उभे राहतात. फरक इतकाच पडतो की हातात कसब असलेला मुलगा ठेकेदाराच्या हेल्परांच्या रांगेत न जाता मेंटेनन्सकडे जातो, आणि सुटीच्या दिवशी गावातली छोटी कामे चालू ठेवतो. गोठ्याशेजारचे मशीन विकायचे की ठेवायचे, यावर घरात पुन्हा वाद होतो. आई ठेव म्हणते, आणि पेरणीच्या तोंडावर पाभरीचा फण तुटला की बापही त्याच मशीनपाशी येतो.